नायकाविना गिटार

रॉक संगीतात गिटार हे नुसते वाद्य राहिले नाही; ती एका माणसाची सही झाली. एरिक क्लॅप्टन, जिमी हेंड्रिक्स, जिमी पेज यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या वाद्याला जे स्थान मिळवून दिले, त्यात गाणे मध्येच थांबते, गायक बाजूला होतो आणि गिटारवादक पुढे येऊन एकट्याचे म्हणणे मांडतो. या एकलवादनाला, म्हणजे सोलोला, श्रोत्यांनी इतके मोठे मानले की थोर गिटारवादक कोण याचा निवाडा सोलोंवरूनच होऊ लागला. साहजिकच दोन नामवंत रॉक गिटारवादक मिळून अल्बम करणार म्हटले की चढाओढ ऐकायला मिळणार असे लोक गृहीत धरतात. रॉबर्ट फ्रिप आणि अँडी समर्स यांचा १९८२ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलेला ‘आय ॲडव्हान्स मास्क्ड’ हा अल्बम हे गृहीतच मोडून काढतो. त्यात तेरा रचना आहेत. गायक नाही, शब्द नाहीत, वेगळा ड्रमर नाही. जे काही वाजते ते या दोघांनीच वाजवलेले आहे. या अल्बमला प्रायोगिक म्हटले जाते ते बहुधा त्यातल्या गिटार सिंथेसायझरच्या अनोळखी ध्वनींमुळे. मला मात्र वाटते की त्यातला खरा प्रयोग अधिकाराचा आहे. संगीतात पुढे कोण आणि मागे कोण, सूर कोणाचा आणि साथ कोणाची, रचनेवर मालकी कोणाची, हे प्रश्न या दोघांनी शब्दांत न मांडता वादनातून सोडवायला घेतले. ते त्यांनी कसे केले आणि त्यांना कितपत साधले, हे पाहिल्याशिवाय या अल्बमची किंमत कळणार नाही.

हा प्रयोग कोणी केला आणि केव्हा केला, याला महत्त्व आहे. किंग क्रिमसन हा गट १९६९ पासून फ्रिपच्या भोवती उभा होता. १९७४ मध्ये त्याने तो स्वतःच मोडला आणि १९८१ मध्ये एड्रियन बिल्यू, टोनी लेव्हिन आणि बिल ब्रुफर्ड यांना घेऊन पुन्हा बांधला. त्या नव्या संचाचा ‘डिसिप्लिन’ हा अल्बम त्याच वर्षी आला. समर्स १९७७ पासून पोलिस या त्रिकुटात होता आणि १९८१ मध्ये ‘घोस्ट इन द मशिन’ प्रसिद्ध झाला तेव्हा तो गट जगातल्या सर्वांत लोकप्रिय गटांपैकी एक होता. मार्च १९८० मध्ये या त्रिकुटाने मुंबईतही कार्यक्रम केला होता. दोघांचे तारुण्य दक्षिण इंग्लंडच्या एकाच टापूत गेले. फ्रिपचा जन्म डॉर्सेटमधल्या विंबोर्नचा, तर समर्स वाढला शेजारच्या बोर्नमथमध्ये. बोर्नमथच्या मॅजेस्टिक हॉटेलात नृत्यासाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदात समर्स गिटार वाजवत असे. तो लंडनला गेल्यावर ती जागा फ्रिपला मिळाली. एका जागेवर एकामागून एक बसलेले हे दोघे सप्टेंबर १९८१ मध्ये डॉर्सेटमधल्याच पार्कस्टोन इथल्या ‘आर्नीज शॅक’ या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी एकत्र आले आणि पुढचे काम मे १९८२ मध्ये लंडनला झाले. म्हणजे हा अल्बम उतरणीला लागलेल्या कलावंतांचा विरंगुळा नव्हता. दोघांच्याही गटांना त्या काळात श्रोते, पैसा आणि लक्ष मिळत होते. ज्या गोष्टींनी हे सारे मिळवून दिले होते, त्या बाहेर ठेवून ते कामाला बसले.

दोघांच्या स्वभावात या कामाची तयारी आधीपासून होती. फ्रिप रंगमंचावर स्टुलावर बसून वाजवतो. प्रकाशझोतात उभे राहून गिटार मिरवणे त्याने कधीच स्वीकारले नाही. समर्सने पोलिसमध्ये सोलो जवळजवळ टाळलेच. त्याची ताकद कॉर्ड मांडण्याच्या पद्धतीत होती. परिचित कॉर्डमधला एखादा स्वर काढून तिथे अनपेक्षित स्वर बसवायचा, त्यावर प्रतिध्वनीचा थर चढवायचा आणि मग बास व ड्रम यांच्यासाठी जागा मोकळी सोडायची, ही त्याची रीत. ‘वॉकिंग ऑन द मून’ या १९७९ च्या गाण्यात एकच कॉर्ड वाजून विरत जाते आणि तेवढ्याने गाण्याचे सगळे आकाश तयार होते. न वाजवण्याचे मोल जाणणारे हे दोन वादक होते. तरी आपापल्या गटात दोघांनाही ठरलेली चौकट होती. पोलिसमध्ये गाणी बहुतांशी गायक स्टिंगची. समर्सने त्यांना रंग द्यायचा. किंग क्रिमसनमध्ये निर्णयाचे वजन फ्रिपकडे झुकलेले. एकाला गटात अधिकार कमी होता आणि दुसऱ्याला भरपूर. अशा दोघांनी समपातळीवर येणे हीच मुळात अवघड गोष्ट होती, आणि अल्बमच्या रचनेत तिचे उत्तर सापडते.

ते उत्तर नीट दिसावे म्हणून सहवादनाचे आपल्याला ओळखीचे नमुने आधी बाजूला काढले पाहिजेत. मराठी रसिकाचा कान दोन वाद्यांच्या एकत्र वादनाकडे जुगलबंदीच्या अंगाने जातो. जुगलबंदीत दोन स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे एका रागाच्या अंगणात उतरतात. एकाने म्हणावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, शेवटी सवाल-जवाब रंगावेत आणि तिहाई घेत दोघे समेवर भेटावेत. गिटारही आपल्याकडे याच वाटेने आली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐकू येते तेव्हा ती गाते, मिंडेने, गायकीच्या ढंगाने. पाश्चात्त्य रॉकमध्येही दोन गिटारवादकांच्या एकत्र येण्याचा गाजलेला दाखला असाच आहे. कार्लोस सांताना आणि जॉन मॅकलॉफलिन यांनी १९७३ मध्ये ‘लव्ह डिव्होशन सरेंडर’ हा अल्बम केला. दोघेही श्री चिन्मय यांचे शिष्य, दोघांनाही जॉन कोल्ट्रेनबद्दल भक्ती, आणि अल्बमची सुरुवातच कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ने. शीर्षकात समर्पण आहे, हेतूही तसाच आहे. पण प्रत्यक्ष वादनात दोन तेजस्वी सोलो एकमेकांवर झेपावतात. त्या अल्बमची उंची मी नाकारत नाही. त्यातली भक्ती खरी आहे आणि वेग थक्क करणारा आहे. पण तिथे दोन नायक एका देवासमोर उभे आहेत. नायकपणाला धक्का लागलेला नाही. जुगलबंदीतही दोघांचे वेगळेपण टिकणे हीच रंगत असते. फ्रिप आणि समर्स यांनी निवडलेली वाट या दोन्हींहून निराळी आहे.

ती वाट कळण्यासाठी बालीकडे पाहावे लागते. बालीच्या गमेलानमध्ये कोतेकान नावाची वादनपद्धत आहे. एक वादक ‘पोलोस’ हा भाग वाजवतो, दुसरा ‘सांगसिह’ हा भाग. दोघांचे स्वर एकमेकांच्या मधल्या फटींत बसतात आणि त्यातून जी वेगवान धून ऐकू येते ती दोघांपैकी एकाच्याही हातात नसते. एकाने वाजवणे थांबवले तर धून अर्धी होत नाही, ती नाहीशीच होते. उभ्या-आडव्या धाग्यांपैकी एक काढून घेतला की कापड उरत नाही, तसे. ‘डिसिप्लिन’च्या संगीताबद्दल बोलताना गमेलानचा उल्लेख नेहमी होतो तो याच कारणाने. त्या अल्बममध्ये फ्रिप आणि बिल्यू यांच्या गिटार छोटे स्वरतुकडे अखंड फिरवत राहतात. ‘फ्रेम बाय फ्रेम’ या गाण्यात दोघे एकच तुकडा धरतात, मग एकजण त्यातला एक स्वर गाळतो आणि दोघे हळूहळू एकमेकांपासून सरकू लागतात. अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइशने १९६७ च्या ‘पियानो फेज’मध्ये दोन पियानोंना असेच सरकवले होते. हे तत्त्व तालाच्या परिभाषेत सहज सांगता येते. एका गिटारने सात मात्रांचा तुकडा घोळवला आणि दुसरीने आठ मात्रांचा, तर एकदा जुळलेली सम पुन्हा ५६ मात्रांनी जुळते. मधल्या काळात प्रत्येक आवर्तनात दोन तुकड्यांचे नाते बदलत राहते. नवा स्वर कोणीही वाजवलेला नसतो, तरी कानाला सतत नवे काही ऐकू येते. हे नवे कोणाचे? पहिल्या वादकाचे नाही आणि दुसऱ्याचेही नाही. ते दोघांच्या मध्ये जन्मलेले आहे.

‘आय ॲडव्हान्स मास्क्ड’ची शीर्षकरचना सुरू होते ती अशाच गुंफणीने. वेगाने छेडलेले छोटे तुकडे, खाली ठाम चालणारा बास आणि वर अधूनमधून उमटणारे लांब स्वर. या रचनेत सोलोसारखी एखादी ओळ वर येते तेव्हा गुंफण तिच्या सेवेला लागत नाही. ती आपल्या गतीने चालूच राहते आणि ओळ तिच्यात परत मिसळते. ‘न्यू मरिंबा’मध्ये गिटारने लाकडी पट्ट्यांच्या त्या तालवाद्याचा स्वभाव घेतला आहे, स्वर लांबवण्यापेक्षा त्याचा ठोका महत्त्वाचा ठरतो. ‘चायना – यलो लीडर’ ही अल्बममधली सर्वांत लांब रचना. ती सावकाश आकार घेते आणि हळूहळू घट्ट होत जाते. उलट ‘अंडर ब्रिजेस ऑफ सायलेन्स’ किंवा ‘लेकलँड/ॲक्वारेल’ यांत तुकड्यांची गुंफण नाही; तिथे नादाचे पातळ थर एकमेकांवर पसरतात. ‘हार्डी कंट्री’ हे नाव डॉर्सेटच्या परिसराला जगाच्या नकाशावर आणणाऱ्या कादंबरीकार टॉमस हार्डीची आठवण देते आणि ही रचना त्या दोघांच्या सामायिक भूमीशी जोडली जाते. या विविध रचनांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच: कुठेही एका गिटारने दुसरीला साथीदार करून सोडलेले नाही. मागचा भाग काढून घेतला तर पुढचा भाग उघडा पडतो, आणि पुढचा काढला तर मागचा निरर्थक होतो. मुळात पुढचा-मागचा हा भेदच टिकत नाही.

इथे यंत्राचा प्रश्न येतो. फ्रिपने १९७२-७३ मध्ये ब्रायन ईनोबरोबर टेपयंत्रांचा एक प्रयोग केला होता. दोन रीव्हॉक्स टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे. पहिल्यावर मुद्रित झालेली फीत थेट दुसऱ्यावर जाऊन वाजते, दोन यंत्रांतल्या अंतरामुळे काही सेकंदांचा विलंब होतो आणि तो ध्वनी पुन्हा पहिल्या यंत्रात सोडला की वादनाचे थर साचत जातात. १९७३ चा ‘नो पुसीफूटिंग’ याच पद्धतीने तयार झाला आणि पुढे फ्रिप ही पद्धत एकट्याने वापरू लागला तेव्हा तिला ‘फ्रिपरट्रॉनिक्स’ हे नाव पडले. त्या प्रयोगात गिटारवादकाचा जोडीदार म्हणजे काही क्षणांपूर्वीचा तो स्वतःच असतो. वेगळे मन समोर नसते. समर्सबरोबरच्या कामात तो भूतकाळातला स्वतः जाऊन तिथे दुसरा माणूस आला, ज्याचे पुढचे पाऊल आधी ठाऊक नसते. दुसरे यंत्र होते रोलंड कंपनीने १९८० मध्ये आणलेले जीआर-३०० हे गिटार सिंथेसायझर. त्यात गिटारच्या सहाही तारांचा संकेत स्वतंत्रपणे उचलला जातो आणि त्यावरून सहा कृत्रिम आवाज चालवले जातात. बोटे गिटारवर असतात, पण ऐकू येणारा नाद गिटारचा राहत नाही. दोघांनीही गिटार सिंथेसायझर वापरले. शिवाय दोघांनी बास वाजवला, सिंथेसायझर वाजवले, तालवाद्ये वाजवली. परिणाम असा की अनेक ठिकाणी ‘हे कोण वाजवते आहे’ या प्रश्नाचे उत्तर कानाने देता येत नाही. ज्यांना या अल्बमचे नावीन्य फक्त यंत्रात दिसते त्यांच्या हातून हा दुवा निसटतो. रॉकमध्ये गिटारचा नाद म्हणजे वादकाची सही. ती सही पुसण्याचे साधन म्हणून यंत्र इथे आले. सहीच्या जागी दोघांचे मिळून जे उरते, त्यात त्यांना रस होता.

हीच गोष्ट रचनेच्या श्रेयातही दिसते. अल्बममधल्या सर्व रचनांवर दोघांचीही नावे आहेत. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात गाण्याची मालकी शब्द आणि मुख्य चाल रचणाऱ्याकडे जाते. वादकाने शोधलेला आकृतिबंध सजावट समजला जातो. अल्बमनंतर वर्षभरातच, १९८३ मध्ये, पोलिसचे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ आले आणि जगभर गाजले. त्या गाण्याची ओळख पटवून देणारा, स्वर सुटे करून छेडलेला गिटारचा तुकडा समर्सचा आहे. गाण्यावर नाव मात्र एकट्या स्टिंगचे. १९९७ मध्ये पफ डॅडीने ‘आय विल बी मिसिंग यू’ या गाण्यासाठी त्याच ध्वनिमुद्रणातून नेमका तो गिटारचा तुकडा उचलला आणि त्यावर नवे गाणे उभे केले, तेव्हाही मूळ गाण्याचे श्रेय स्टिंगकडेच राहिले. इथे कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रस्थापित रीतच तशी आहे. पण ही रीत कोणत्या समजुतीवर उभी आहे ते पाहिले पाहिजे. संगीताचा कर्ता एक असतो, त्याच्या कल्पनेला बाकीचे आकार देतात, ही ती समजूत. गुंफणीवर उभ्या असलेल्या संगीतात ही समजूत चालतच नाही. तिथे आकृतिबंध हीच रचना असते आणि ती दोघांच्या मधल्या जागेत घडते. म्हणून या अल्बमवरची समान श्रेयनोंद म्हणजे त्यातल्या संगीताचे अचूक वर्णन आहे.

यावर काही आक्षेप गंभीरपणे घेतले जातात आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की या रचना पूर्ण नाहीत, ही टिपणे आहेत. चाळीसेक मिनिटांत तेरा रचना, त्यांतल्या कित्येक दोन-अडीच मिनिटांच्या. कल्पना सुरू होते आणि विस्तार होण्याआधीच संपते. या आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस येणाऱ्या काही छोट्या रचना खरोखरच कच्च्या राहिल्या आहेत. त्यांना आणखी वेळ दिला असता तर त्या वाढल्या असत्या. पण आक्षेपामागचे गृहीत सर्वत्र लागू पडत नाही. विस्तार म्हणजे विषय मांडणे, वाढवणे, टोकाला नेणे आणि परत आणणे, ही एक पद्धत झाली. सोलोवर आधारलेल्या संगीताला ती हवीच, कारण सोलो ही एका व्यक्तीची गोष्ट असते आणि गोष्टीला शेवट लागतो. गुंफण ही स्थिती असते. ती दाखवायला किती वेळ लागतो हे तिच्या गुंतागुंतीवर ठरते. दोन मिनिटांत तिची सगळी नाती ऐकून झाली असतील तर पुढची पाच मिनिटे केवळ सवयीने दिलेली ठरतील. ‘चायना – यलो लीडर’ला जितका वेळ हवा होता तितका मिळाला आहे, यावरून दोघांना लांबीचे भान होते हे दिसते. रॉकमध्ये प्रायोगिक म्हणवणाऱ्या संगीताने १९७० च्या दशकात लांबीलाच गांभीर्य मानण्याची चूक अनेकदा केली. त्या पार्श्वभूमीवर ही आटोपशीरता हा दोष मानण्यापेक्षा निर्णय मानणे अधिक न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. हा प्रयोग प्रसिद्धीच्या बळावर झाला. पोलिस नसते तर ए अँड एमने असा अल्बम काढला नसता आणि काढला असता तरी कोणी घेतला नसता. हे मान्यच करावे लागेल. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम ६० व्या क्रमांकापर्यंत पोचला. शब्द आणि गायक नसलेल्या, चढाओढीचा थरारही न देणाऱ्या संगीताला ही जागा केवळ गुणांवर मिळाली असे म्हणता येणार नाही. असेच संगीत करणारे अनेक अनाम वादक त्या काळात असतील ज्यांच्या दारात कोणतीही कंपनी गेली नाही. तरीही हा आक्षेप संधीबद्दल आहे, संगीताबद्दल नाही. मिळालेली संधी कशासाठी वापरली हा प्रश्न वेगळा उरतो. प्रसिद्धीचा सोपा उपयोग उघड होता: गाजलेले गायक बोलवायचे, आपल्या गटांतले सहकारी घ्यायचे, दोन-तीन सोलो रंगवायचे. पहिल्या अल्बममध्ये त्यांनी यातले काही केले नाही. १९८४ मध्ये याच दोघांचा ‘बिविच्ड’ हा दुसरा अल्बम आला तेव्हा परिस्थिती थोडी बदलली होती. त्यात इतर वादक आहेत, पहिल्या बाजूवर नाचता येईल असा ठेका आहे आणि समर्सचा हात अधिक दिसतो. तो ऐकायला सोपा आहे, तरी विक्रीच्या यादीत तो पहिल्याच्या बराच खाली राहिला. त्यात चांगले क्षण आहेत, पण ठेक्याला पाठीशी घेताच गिटार पुन्हा पुढे-मागे उभ्या राहू लागतात. ही तुलना माझ्या मुद्द्याला पुष्टी देते. नाद आणि यंत्रे साधारण तीच होती, माणसे तीच होती. बदलल्या त्या अटी, आणि त्यांबरोबर संगीताचा स्वभाव बदलला. म्हणजे पहिल्या अल्बमचे वेगळेपण अटींमध्ये होते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे आणि तो मराठी रसिकाला सर्वांत जवळचा वाटेल. संगीतात आपण माणूस शोधतो. गायकाचा आवाज, त्याचे घराणे, त्याची एखादी जागा घेण्याची लकब यांवर आपले प्रेम असते. व्यक्ती पुसून टाकणाऱ्या संगीतावर प्रेम कसे करायचे? वादक कोण हे कळेनासे झाले तर उरते ते यंत्राचे गणित, असा हा आक्षेप. त्याला माझे उत्तर असे की या अल्बममध्ये व्यक्ती पुसली गेलेली नाही, तिची जागा बदलली आहे. फ्रिपचा लांब टिकणारा, कडा न मोडणारा स्वर आणि समर्सची उघड्या जागा ठेवणारी कॉर्ड ज्यांनी ऐकली आहे, त्यांना दोघांच्या खुणा अधूनमधून ओळखू येतात. पण त्या खुणा बोलण्यात नाहीत, ऐकण्यात आहेत. समोरच्याच्या तुकड्यात कोणती फट मोकळी ठेवायची, केव्हा थांबायचे, आपला स्वर किती बारीक करायचा म्हणजे समोरचा स्पष्ट होईल, हे निर्णय पूर्णपणे व्यक्तिगत आहेत आणि ते यंत्र घेत नाही. चांगल्या साथीची थोरवी आपल्या संगीताला नवी नाही. गायकाचा श्वास ओळखून सूर धरणाऱ्या हार्मोनियमवादकाला आपण मान देतो. फक्त तो मान दुय्यम पंक्तीतला असतो. फ्रिप आणि समर्स यांच्या अल्बममध्ये साथीची ती दृष्टी हीच मुख्य दृष्टी झाली आणि दोघेही एकमेकांचे साथीदार बनले. मुख्य गायकच उरला नाही म्हणून साथ संपली नाही. साथ हेच संगीत झाले. व्यक्त होणे म्हणजे पुढे येऊन बोलणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो तर दुसऱ्याला वाव देण्यातून व्यक्त होणारा माणूस आपल्याला कधी ऐकूच येणार नाही.

शेवटचा आक्षेप काळाचा. गिटार सिंथेसायझरचा तो नाद आज १९८२ सालची तारीख घेऊन येतो. तेव्हाचे नवे आता जुने झाले, मग प्रयोगाचे काय उरले? नाद जुना झाला हे खरेच. पण प्रयोग नादात होता असे मानणाऱ्यालाच ही अडचण आहे. अधिकाराची वाटणी जुनी झालेली नाही, आणि फ्रिपच्या पुढच्या कामात तिचा धागा स्पष्ट दिसतो. १९८५ पासून त्याने ‘गिटार क्राफ्ट’ नावाने शिकवण्यास सुरुवात केली. तिथे विद्यार्थी वर्तुळात बसत आणि ‘सर्क्युलेशन’ नावाचा सराव करत: एकाने एक स्वर वाजवायचा, पुढच्याने पुढचा, आणि धून वर्तुळात फिरत राही. कोणाच्याही वाट्याला पूर्ण धून येत नसे. इथे गिटार सिंथेसायझर नव्हते, टेपयंत्र नव्हते, साधी ॲकूस्टिक गिटार होती. तरी तत्त्व तेच होते. या शिक्षणातून ‘लीग ऑफ क्राफ्टी गिटारिस्ट्स’ हा समूह उभा राहिला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कॅलिफोर्निया गिटार ट्रिओ’ही त्यातूनच निघाला. या सगळ्याचे मूळ एकट्या ‘आय ॲडव्हान्स मास्क्ड’मध्ये आहे असा दावा करता येणार नाही, ‘डिसिप्लिन’चा वाटा मोठा आहे. पण समर्सबरोबरच्या अल्बमने एक गोष्ट वेगळी करून दाखवली. ‘डिसिप्लिन’मध्ये गायक होता, ड्रमर होता आणि गटाची घडी होती. त्या आधाराशिवाय, केवळ दोन समान वादकांच्या बळावर ही गुंफण उभी राहते का, याची कसोटी इथे घेतली गेली, आणि ती उभी राहिली.

या अल्बमचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू धरल्या पाहिजेत. तो निर्दोष नाही. त्यातल्या काही रचना टिपणाच्या पायरीवर राहिल्या, आणि ज्या प्रसिद्धीला त्याने संगीतात नाकारले तिच्याच आधाराने तो लोकांपर्यंत पोचला. तरीही प्रायोगिक हे विशेषण त्याला पूर्ण शोभते. नवे यंत्र हाती घेणे कोणालाही शक्य असते. यंत्र जुने झाले की तो प्रयोगही जुना होतो. आपल्याला ज्या सवयीने यश दिले ती सवय, यश चालू असताना, सोडून पाहणे हा कठीण प्रयोग आहे आणि तो काळाबरोबर शिळा होत नाही. आज सहयोग हा शब्द संगीताच्या बाजारात सर्रास वापरला जातो. दोन मोठी नावे एका गाण्यावर लावली की सहयोग झाला असे मानले जाते, मग प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांना ऐकले असो वा नसो. अशा प्रत्येक कामाला विचारण्याजोगा प्रश्न फ्रिप आणि समर्स यांनी आपल्या हाती दिला आहे. यातला एक माणूस काढून घेतला तर दुसऱ्याचे काय उरते? सगळे जसेच्या तसे उरत असेल तर ते दोन नावांचे शेजारीपण आहे. काहीच उरत नसेल तर तिथे खरा सहयोग झाला आहे. भारतीय वाद्यसंगीतातल्या आजच्या मिश्र प्रयोगांबद्दल लिहिताना आणि ऐकताना आपण वेग, तयारी आणि नावीन्याची नोंद तत्परतेने घेतो. त्याआधी हा प्रश्न विचारण्याची शिस्त आपल्या समीक्षेने लावून घेतली, तर कित्येक गाजलेल्या मैफली लहान ठरतील आणि दुर्लक्षित राहिलेल्या काही कामांचे मोठेपण प्रथमच ध्यानात येईल.